माकड आजोबा नव्हे, भावकीतलं

'सर, नमस्कार. कर्नाटकात, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. दहावीला आनुवंशिकतेचा धडा चालू होता. मेंडेलच्या वाटाण्यांवरून बोलता बोलता मी उत्क्रांतीवर आले आणि तासभर त्यातच रमले. दुसऱ्या दिवशी एका मुलीचे आजोबा शाळेत आले. माळकरी, गावच्या सप्ताहाचे कर्ते, माणूस अगदी सज्जन. आवाज न चढवता म्हणाले, "बाई, आमच्या पोरांस्नी माकडाची पोरं म्हणून शिकवूलाय व्हय?" मला उत्तर सुचलं नाही. हेडमास्तर म्हणतात, दिल्लीवाल्यांनीच तो भाग दहावीतून काढलाय, तुम्हाला कुणी सांगितलंय नसती उठाठेव करायला? आधीच पट घसरतोय, चार पालक दुखावले तर शाळाच राहणार नाही. खरं सांगायचं तर त्यांचंही मला पटतं. गप्प बसू की भांडू? आणि त्या मुलीनं तासाला विचारलेला प्रश्न अजून डोक्यातून जात नाही: "बाई, मग पहिला माणूस कोण? त्याची आई कोण होती?"'

बाई,

गप्प बसू नका आणि भांडूही नका. तो तास पुन्हा घ्या, पण त्याआधी एका संध्याकाळी त्या आजोबांच्या घरी जाऊन या. हेडमास्तरांचं काय करायचं ते पुढे सांगतो, ते त्या मानानं सोपं आहे.

आधी आजोबांचं वाक्य नीट ऐका. डार्विन खोटा आहे असं ते म्हणाले नाहीत. देवानं माणूस घडवला असंही म्हणाले नाहीत. त्यांची तक्रार अब्रूची आहे. गावाकडे 'माकडाची अवलाद' ही शिवी आहे, आणि नात घरी येऊन सांगते की आज बाईंनी आम्हाला हे शिकवलं. कुठल्याही आजोबाला लागेल ते.

मी स्वतः हे करून बसलोय, म्हणून सांगतो. पंचाऐंशी-शहाऐंशीचा सुमार, नवा मास्तर, अंगात रग. हा विषय निघाला की 'काय रे माकडांनो' अशीच सुरुवात करायचो आणि पोरं खिदळायची. एका वर्षी गळ्यात माळ असलेला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, 'सर, पण ब्रह्मदेव?' मी त्याला उत्तर दिलं नाही, नुसता हसलो. मी हसलो म्हणून वर्ग हसला. तो पोरगा पुढे वर्षभर माझ्या तासाला मान खाली घालून बसला. आता तो शहापूरच्या बाजारात कधीमधी भेटतो, वाकून नमस्कार करतो, घरची चौकशी करतो. त्या दिवशी मी उत्क्रांती शिकवली असं मला आजही म्हणवत नाही.

तेव्हा आजोबांना पहिल्यांदा हे सांगा की तुमचं बरोबर आहे, माकडापासून माणूस झाला हे वाक्य चुकीचंच आहे. मग भावकीवर या. तुमच्या गावात एकाच आडनावाची वीस-पंचवीस घरं असतील. त्यातल्या कुणी कुणाला जन्म दिलेला नाही. तरी मागे मागे जात राहिलं की सगळ्यांचा एक मूळ पुरुष निघतो. वारसा लावताना नाडकचेरीत वंशावळ द्यावी लागते, ती या आजोबांनी आयुष्यात एकदा तरी काढली असणार. ही वंशावळही तशीच, फक्त फार लांबची. चिंपांझी आणि आपण यांची वाटणी साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी झाली. तुमच्या कौलांवर नाचणाऱ्या माकडांचा आणि आपला मूळ पुरुष त्याहूनही खूप मागचा, अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे माकड आपला आजोबा नव्हे, भावकीतलं. भावकीतलं आहे म्हणूनच परसातल्या केळीवर हक्क सांगतंय असं म्हणा हवं तर, आजोबा हसतील.

डार्विनच्या १८५९ सालच्या पुस्तकात आकृती एकच आहे, आणि ती अशी फांद्या फुटत जाणारी वंशावळच आहे. फळ्यावर ती काढा. वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंत एका रांगेत चालत निघालेलं ते प्रसिद्ध चित्र शाळेच्या भिंतीवर असेल तर मात्र उतरवा. उत्क्रांतीच्या विरोधात बोलणाऱ्यांनी केलं नसेल एवढं नुकसान त्या चित्रानं केलंय.

आपल्या शब्दांचाही थोडा दोष आहे. 'उत्क्रांती'तला 'उत्' वर चढवतो. मग मुलांना शिडी दिसते, खालच्या पायरीवर मासा आणि सगळ्यांत वर आपण, हातात मोबाईल घेऊन. प्रत्यक्षात वर-खाली काही नसतं. पिल्लं एकसारखी नसतात, त्यांतल्या ज्यांना त्या जागी तगणं जमतं त्यांची पुढची पिल्लं जास्त उरतात, आणि असं पिढ्यान्‌पिढ्या होत राहिलं की प्रजातीच बदलते. 'उत्क्रांतिवाद' म्हटलं की आणखी घोळ होतो, कारण वाद म्हणजे दोन बाजू असणारच असं पालकांना वाटतं. इंग्रजीत 'ही नुसती थिअरी आहे' म्हणून जे रण माजतं ते आपल्याकडे माजायचं कारण नव्हतं. आपण सिद्धांत म्हणतो, पायथागोरसचा म्हणतो तसाच. पायथागोरसवर अजून कुठल्या पालकानं आक्षेप घेतलेला मी ऐकला नाही, पोरांनी मात्र खूप घेतलेत.

आता हेडमास्तर. दिल्लीनं काढलं हे खरं आहे. कोविडनंतर मुलांवरचं ओझं कमी करायचं म्हणून एनसीईआरटीनं, म्हणजे शाळेची पुस्तकं काढणाऱ्या दिल्लीच्या संस्थेनं, पुस्तकं छाटली, आणि २०२३ च्या पुस्तकात दहावीच्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती'चं नुसतं 'आनुवंशिकता' उरलं. पण कारण ओझ्याचं दिलं होतं, उत्क्रांती खोटी ठरल्याचं नव्हे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये १,८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्यांचं पत्र काढून तो भाग परत घाला म्हणून मागणी केली. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचा अख्खा धडा आजही आहे, नीटच्या अभ्यासक्रमातही आहे. आणि हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मराठी शाळेत, दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. तीच मराठी, तीच माकडं, निम्मे पाव्हणे तेच. हे हेडमास्तरांना आवर्जून सांगा. 'तिकडं आहे, इकडं नाही' हे वाक्य सीमाभागातल्या माणसाला जेवढं टोचतं तेवढं दुसरं काही टोचत नाही.

डॉक्टर व्हायचं म्हणणारी दोन-चार मुलं तो धडा बारावीला गाठतीलच. बाकीच्यांचं काय? कुणी आर्ट्‌सला जाणार, कुणी आयटीआयला, कुणी उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला, काही मुलींची लग्नं होणार. त्यांच्या आयुष्यातला जीवशास्त्राचा शेवटचा तास तुमचाच आहे.

पटाची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडे मराठी शाळेचा पट म्हणजे काय, हे तुम्हाला आणि मला सांगायला नको. पण पोरं इंग्लिश मीडियमला जातात ती इंग्रजीपायी, दारात येणाऱ्या पिवळ्या बसपायी, गळ्यातल्या टायपायी. उत्क्रांतीपायी शाळा सोडलेलं पोर मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही. तुमच्या टाचणात आनुवंशिकतेच्या तासाखाली 'विविधता व नैसर्गिक निवड' अशी एक ओळ घाला आणि नेहमीसारखी सही घ्या. फार ताणलं तर संविधानाच्या कलम ५१-अ ची आठवण करून द्या. ४२ व्या दुरुस्तीनं १९७६ मध्ये आलेल्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हेही आहे. पण ताणू नका. तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत, बीईओंपर्यंत, तर अजिबात नेऊ नका. दोन मराठी माणसांचं भांडण वर गेलं की त्याचं काय होतं ते आपण बघत आलोय.

गावच्या ग्रुपवर 'अमेरिकेतसुद्धा हे शिकवायला बंदी आहे' असला एखादा व्हिडिओ फिरत असेल, म्हणून ती हकीकत सांगून टाकतो. १९२५ मध्ये टेनेसी राज्यानं सरकारी शाळांत माणसाची उत्क्रांती शिकवायला बंदी केली. डेटन गावच्या जॉन स्कोप्स नावाच्या तरुण मास्तरावर खटला झाला आणि १०० डॉलर दंड झाला. दोन वर्षांनी वरच्या कोर्टानं तांत्रिक चुकीवरून तो निकाल रद्द केला, पण कायदा १९६७ पर्यंत तसाच राहिला. १९६८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं असल्या बंदीला घटनाबाह्य ठरवलं. मग काही राज्यांनी 'बरं, शिकवा, पण बरोबरीनं सृष्टी देवानं निर्मिली हेही विज्ञान म्हणून शिकवा' असा पवित्रा घेतला, तोही १९८७ मध्ये कोर्टात पडला. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावी तीच गोष्ट नवं नाव घेऊन आली आणि पुन्हा हरली. त्या गावच्या लोकांनी तर निकालाच्या आधीच, निवडणुकीत, ती कल्पना आणणारे शाळा मंडळाचे सभासद घरी बसवले.

कोर्टकचेरीपेक्षा मला यातली एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. स्कोप्सच्या खटल्यानंतर पाठ्यपुस्तकं काढणाऱ्यांनी डार्विन हळूच आवरता घेतला. कायदा मोजक्या राज्यांत होता, पुस्तकं मात्र देशभर विकायची होती. कुणी हुकूम दिला नाही, नसती कटकट नको एवढंच. १९५७ मध्ये रशियानं स्पुटनिक सोडला, अमेरिकेला आपल्या शाळांतल्या विज्ञानाची चिंता लागली, तेव्हा कुठे साठच्या दशकातल्या नव्या पुस्तकांत उत्क्रांती ठळकपणे परत आली. मध्ये तीस-पस्तीस वर्षं गेली. तुमचे हेडमास्तर वाईट नाहीत. ते त्या प्रकाशकांसारखे आहेत.

आपल्याकडेही २०१८ च्या जानेवारीत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत सांगितलं होतं की डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी कुणीच पाहिलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून ते खोडलं, त्यांच्याच खात्याच्या कॅबिनेट मंत्र्यांनी त्यांना आवरलं. पण 'कुणी पाहिलंय का?' हा प्रश्न पारावर फार चालतो, आणि त्याला उत्तर दिलंच पाहिजे. ते उत्तर शेतात आहे. बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या काळ्या रानातल्या कुठल्याही कापूसवाल्याला विचारा. २००२ मध्ये बीटी कापूस आला, अळीला मारणारं विष झाडातच तयार होणारा, तेव्हा बोंडअळी मरायची. ज्या थोड्या अळ्या जात्याच त्या विषाला दाद देत नव्हत्या त्या उरल्या, त्यांचीच पैदास वाढली. २०१० च्या आसपास गुजरातेत गुलाबी बोंडअळी बीटीला पुरून उरत असल्याचं दिसून आलं, पुढे ती बाकी कापूस पट्ट्यातही पसरली. कुठली अळी शाळेत जाऊन प्रतिकार शिकली नाही. निवड झाली. हे आपल्या डोळ्यांदेखत झालं.

म्हणून माझी सूचना अशी, की त्या आजोबांना वर्गात बोलवा. वादाला नव्हे, बियाण्यावर बोलायला. पुढच्या वर्षीच्या भाताचं बी ते कसं धरतात? कुठल्या लोंब्या बाजूला काढतात, कुठल्या टाकतात, का? बैल बघताना काय बघतात? डार्विनच्या त्याच पुस्तकाचा पहिला धडा अशाच गोष्टींवर आहे: माणसानं पाळलेली जनावरं, लावलेली पिकं, आणि कबुतरं, जी तो स्वतः पाळायचा. शेतकरी निवड करतो हे त्यानं आधी मांडलं, मग विचारलं की हेच काम निसर्ग करत असेल तर? आजोबा अर्धा तास बोलले की तुमचा पहिला धडा झालेला असेल. दुसरा तुम्ही घ्या.

त्या दुसऱ्या धड्यालाही तुम्हाला लांब जायला नको. भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहा आहेत, तुमच्याच तालुक्यात. तिथल्या एका वटवाघळाची शास्त्रात नोंद १९१३ मध्ये झाली, रॉटनचं वटवाघूळ म्हणतात त्याला. कित्येक दशकं जगाच्या पाठीवर ते एवढ्याच ठिकाणी माहीत होतं. पुढे मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. मुलांना गुहेत नेऊ नका, अभयारण्य आहे आणि वटवाघळांना माणसांचा त्रास होतो. फळ्यावर पंख काढा. दंडाचं एक हाड, कोपराखाली दोन, मग मनगट, मग अंगठा आणि चार बोटं, छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली. शेजारी मुलांना आपापला पंजा वहीवर ठेवून गिरवायला सांगा. उडण्यासाठी कुणी कोऱ्या कागदावर पंख काढायला बसलं असतं तर पाच बोटांचा हात ताणून कशाला केला असता, एवढंच विचारा आणि गप्प बसा. (कोंबडीच्या पंखाची हाडं आणायचा मोह होईल, मला व्हायचा. आणू नका. वर्गात माळकऱ्यांची पोरं आहेत.)

गोकाकचं सांगितलंत तर पोरं डोळे विस्फारतील. गोकाकजवळ गेंड्याची हाडं सापडली होती, दगड होत आलेली. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञानं १८७४ मध्ये त्यांचं वर्णन छापलं आणि त्या गेंड्याला दख्खनचं नाव दिलं. आज गेंडा बघायचा तर आसाम गाठायला लागतं. आणि पावसाळ्यात सगळं बेळगाव जिथं भजी खायला जातं त्या आंबोलीत एक छोटा भेक आहे, जो तिथल्या पठाराचाच. त्याचा सगळ्यांत जवळचा भाऊबंद कोयनेकडे. दोघं एकाच घरचे, वाटणी होऊन वेगळे झालेले.

दशावताराबद्दल सावध करतो. आजोबा नसतील, पण कुणीतरी कीर्तनात म्हणेलच की मत्स्य, कूर्म, वराह, आमच्याकडे हे आधीच सांगितलेलं आहे. ऐकायला गोड लागतं, वर्ग शांत होतो, पालक खूश होतात. तुम्ही तो आधार घेऊ नका. अवतार ही देवानं वेळोवेळी घेतलेली रूपं आहेत, एकाच्या पोटी दुसरा जन्मत गेला अशी ती गोष्ट नाही. दुसरं म्हणजे एखादं आगाऊ पोर 'बाई, मग नरसिंहाची हाडं कुठं सापडली?' असं विचारेल, आणि तेव्हा विज्ञान आणि भक्ती दोन्ही एकदमच उघडी पडतील. वारकऱ्याला मुंगीतही देव दिसतो. त्याला मुंगी नात्यातली निघाली म्हणून धक्का बसायचं कारण नाही, पण ते त्याचं त्यानं ठरवायचं, तुम्ही त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं नाही.

घरी जाल तेव्हा 'परीक्षेपुरतं शिकवतेय हो, मनावर घेऊ नका' असं मात्र म्हणू नका. सुटका होईल, पण ते खोटं आहे, आणि ती मुलगी तिथंच बसलेली असेल. म्हणा, हे शास्त्र असं सांगतं आणि मला ते पटलंय. मुलांना समजलं का हे मी तपासते, घरात काय मानायचं त्यात मी पडत नाही. कुणाच्या माळेवर वर्गात कुणी हसणार नाही याची हमी माझी. ते कदाचित पटलं म्हणणार नाहीत. चहा येईल, घ्या. दुसऱ्या दिवशी नात शाळेत आली की समजा काम झालं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. पहिला माणूस कोण? तिला विचारा, पहिला मराठी बोलणारा कोण? त्याची आई काय बोलायची? श्रवणबेळगोळला, आपल्याच कर्नाटकात, गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचावुंडराजें करवियलें' अशी मराठी ओळ कोरलेली आहे, हजारेक वर्षांची म्हणतात. त्याच्या मागे प्राकृत होती. पण मध्ये कुठेही अशी आई झाली नाही की जी प्राकृत बोलायची आणि तिचं लेकरू मराठी बोलायला लागलं. प्रत्येक लेकरू आपल्या आईचीच भाषा बोलत होतं. तरी हजार-दीड हजार वर्षांत बोली इतकी बदलली की दोन टोकं समोरासमोर आणली तर एकमेकांना कळणार नाहीत. माणसाचंही तसंच. प्रत्येकाची आई त्याच्याच प्रजातीची होती, म्हणून पहिला असा कुणी नाही.

एवढ्यानं नाही कळलं तर तिला बेळगावहून गोव्याच्या बसमध्ये बसवा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत घाट उतरायचा आणि वाटेतल्या प्रत्येक गावी माणसं कशी बोलतात ते ऐकत जायचं. कुठल्या स्टॉपवर भाषा बदलली ते वहीत लिहून आणायला सांगा. तिनं काय लिहून आणलं ते मला नक्की कळवा.